मिहानमधले दोन पगार: एम्सची नर्सिंग ऑफिसर आणि आयटीतला फ्रेशर

मिहान या नागपूरच्या उद्योग-वसाहतीतल्या एम्समध्ये रुजू होणाऱ्या नर्सिंग ऑफिसरची पगारस्लिप जुलै २०२५ च्या दराने ९६,८६० रुपयांची निघते. त्याच मिहानमध्ये ३.६ लाखांच्या पॅकेजवर लागलेल्या इंजिनिअरची स्लिप २५ हजारांच्या आसपास असते. बारावीनंतर दोघांनीही चारच वर्षं घातली आहेत. तरी नागपुरातल्या कितीतरी घरांत ‘मुलगा आयटीत आहे’ हे मोठ्याने सांगितलं जातं आणि ‘मुलगी नर्सिंग करते’ हे कोणी विचारलं तरच. म्हणून या दोन नोकऱ्या इथे ठोकून-बजावून तपासल्या आहेत: कागदावर किती, हातात किती, कापलं काय जातं, पुढे वाढतं किती आणि घेणारा फसतो कुठे.

एक गोष्ट आधीच सांगतो. ९६,८६० हा आकडा एम्सचा आहे, सरसकट नर्सिंगचा नाही. धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयातली सिस्टर हा आकडा वाचून कडवट हसेल. तिच्याकडे पुढे येऊच.

एम्सची स्लिप, ओळीओळीने

मूळ वेतन ४४,९००. सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ७ ची ही पहिली पायरी. महागाई भत्ता (डीए) जुलै २०२५ च्या दराने ५८ टक्के, म्हणजे २६,०४२. नागपूर घरभाडे भत्त्यासाठी शहरांच्या मधल्या, वाय वर्गात येतं. डीए ५० टक्क्यांवर पोचल्यापासून या वर्गाला २० टक्के मिळतात, म्हणून ८,९८०. प्रवास भत्त्यात मात्र नागपूर मुंबई-पुण्याच्या पंगतीला आहे: ३,६०० आणि त्यावर डीए, मिळून ५,६८८. नर्सिंग भत्ता ७,२०० होता, तो २५ टक्क्यांनी वाढून ९,००० झाला. गणवेश भत्ताही तसाच १,८०० वरून २,२५० वर गेला. बेरीज ९६,८६०.

आता कपात. एनपीएस या सरकारी पेन्शन योजनेत मूळ वेतन आणि डीए यांच्या १० टक्के, म्हणजे ७,०९४ रुपये जातात. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. गटविमा आणि आरोग्य योजनेची वर्गणी काही शे रुपयांत आटोपते. आयकर? वर्षाचे ११,६२,३२० होतात, त्यातून नव्या करप्रणालीची ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की १०,८७,३२० उरतात. २०२५-२६ च्या नियमाने १२ लाखांपर्यंत कर शून्य. म्हणजे हातात ८८ ते ८९ हजार. कर सुरू होतो तो महिन्याची स्लिप १,०६,२५० च्या वर गेल्यावर. डीए आणि एक-दोन वेतनवाढी मिळून तो दिवस फार लांब नाही, हे गृहकर्ज काढताना लक्षात असू द्या.

स्लिपवर हातात न दिसणारी एक रक्कम आहे: सरकार एनपीएसमध्ये स्वतःचे १४ टक्के घालतं, महिन्याला ९,९३२. आयटीवाल्याला समजेल अशा सीटीसीच्या (मालकाला पडणाऱ्या वर्षाच्या एकूण खर्चाच्या) भाषेत हा पगार मांडायचा, तर रोखीचे ११.६२ लाख, सरकारचा एनपीएस वाटा १.१९ लाख आणि ग्रॅच्युइटीची (नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेची) ४.८१ टक्क्यांनी केलेली तरतूद साधारण ४१ हजार. एकूण १३.२ लाख. घरातल्या दोन भावंडांची तुलना करायची तर ३.६ समोर हा १३.२ ठेवा, एकाचं वर्षाचं पॅकेज आणि दुसरीचा महिन्याचा हातातला पगार अशी सरमिसळ करू नका. लग्नाच्या बोलणीत तर ही सरमिसळ सर्रास होते.

वेतनवाढ वर्षाला ३ टक्के, म्हणजे ४४,९०० वरून ४६,२००, मग ४७,६००. इथे रुजू होण्याच्या तारखेला पैसे लागतात. २ जानेवारी ते १ जुलै या काळात रुजू झालात तर पहिली वाढ पुढच्या १ जानेवारीला मिळते. २ जुलै ते १ जानेवारीत झालात तर ती पुढच्या १ जुलैला. म्हणजे १ जुलैला सही करणाऱ्याला सहा महिन्यांत वाढ, आणि २ जुलैला करणाऱ्याला जवळजवळ वर्षाने. रुजू होण्याची मुदत हातात असेल तर घरचं कार्य उरकून ५ जुलैला जाऊ असं करू नका. तसंच पहिला पगार वेळेवर येईलच असं धरू नका. एनपीएसचा खाते क्रमांक (प्रान), पडताळणी, बँक खात्याची नोंद यांत महिना-दीड महिना सहज जातो. पैसे बुडत नाहीत, एकत्र येतात. पण तोवरच्या भाड्याची सोय लागते.

कॅम्पसमध्ये क्वार्टर मिळालं तर घरभाडे भत्ता बंद होतो. ८,९८० सोडून क्वार्टर घ्यावं का? एकटीसाठी माझं उत्तर ‘घ्यावं’ असं आहे. रात्रपाळीनंतर वर्धा रोडवर गाडी चालवावी लागत नाही, हा फायदा पैशांत मोजता येत नाही. नागपुरात स्वतःचं घर असेल तर मात्र भत्ता सोडण्यात अर्थ नाही.

सुट्ट्यांचा भाग या नोकरीची खरी ताकद आहे. वर्षाला ३० अर्जित, २० अर्धपगारी, ८ किरकोळ. प्रसूती रजा १८० दिवस. त्यापुढे बालसंगोपन रजा: दोन मुलांसाठी, ती १८ वर्षांची होईपर्यंत, संपूर्ण सेवेत ७३० दिवस. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के. मुलाच्या दहावी-बारावीच्या वर्षी ही रजा टाकणाऱ्या आया पुष्कळ दिसतात. रजा मंजूर होणं वॉर्डातल्या मनुष्यबळावर अवलंबून असतं, तेव्हा मार्चसाठी अर्ज मार्चमध्ये करून चालत नाही. मुलांच्या शिक्षणाचा भत्ता दर मुलामागे महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे, दोन मुलांपर्यंत.

आईवडिलांच्या उपचारांबाबत एक अट बहुतेकांना उशिरा कळते. केंद्राच्या नियमात पालक ‘अवलंबून’ धरायचे असतील तर त्यांचं उत्पन्न महिन्याला ९,००० अधिक त्यावरचा डीए, म्हणजे जुलै २०२५ च्या दराने १४,२२० च्या आत लागतं. वडील शाळेतून किंवा एसईसीएल-वेकोलिसारख्या कोळसा कंपनीतून निवृत्त झालेले आणि बऱ्यापैकी पेन्शन असेल, तर ते बसत नाहीत. त्यांचा वेगळा आरोग्यविमा तरुण वयातच काढून ठेवायला हवा होता, हे तेव्हा सुचतं.

आणि खटकणारं

फिरत्या पाळ्या. सणासुदीला वॉर्ड बंद होत नाही. सुईचा घाव, संसर्ग, रुग्णाच्या नातेवाइकांचा राग हे सगळं नोकरीचा भाग आहे. हेपॅटायटिस बीचे तीन डोस आणि त्यानंतरची अँटीबॉडी तपासणी शिकत असतानाच पूर्ण करून घ्या.

पगाराच्या बाजूने खटकणारी गोष्ट म्हणजे बढती. वरचं पद सीनियर नर्सिंग ऑफिसर, लेव्हल ८. तिची सुरुवात ४७,६०० ला होते, म्हणजे ४४,९०० पासून फार पुढे नाही. बढती न मिळालेल्यांना १०, २० आणि ३० वर्षांनी एमएसीपी या योजनेतून पगाराची पुढची लेव्हल मिळते. इथे सुरुवात उंच आहे आणि चढ अगदी मंद. कष्ट दुप्पट केले म्हणून पगार दुप्पट होणार नाही, आणि हुशार माणसाला पाच-सहा वर्षांनी हे टोचायला लागतं. आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेला ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आणि अहवालासाठी १८ महिने दिले गेले. मोबाइलवर फिरणारे फिटमेंटचे (जुन्या मूळ वेतनाला किती पटीने गुणणार याचे) आकडे धरून कर्जाचा हप्ता ठरवू नका.

आयटीची स्लिप: ३.६ लाखांचे २३ हजार कसे होतात

मोठ्या सेवा कंपन्यांमध्ये नेहमीच्या फ्रेशरचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतं आहे, आणि हे वर्षानुवर्षं चाललंय. कोडिंगची वरची चाळणी पार करणाऱ्यांना ७ लाख किंवा त्याहून जास्त मिळतात. पण कॉलेजच्या बॅनरवर झळकणारा आकडा त्या मोजक्यांचा असतो.

३.६ लाखांचं एक नमुनेदार ऑफर लेटर सोडवून पाहू. प्रत्येक कंपनीची मांडणी थोडी वेगळी असते, रीत हीच. बेसिक महिन्याला १५,०००, वर्षाचे १,८०,०००. कंपनीचा पीएफ वाटा १,८०० दरमहा, वर्षाचे २१,६००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, ८,६५८. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, २४,०००. गटविम्याचा हप्ता ६,०००. उरले १,१९,७४२, म्हणजे एचआरए आणि इतर भत्ते मिळून महिन्याला ९,९७८. स्लिपची बेरीज २४,९७८. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ १,८०० गेला की २३,१७८. मुलग्याचे आणखी २०० व्यवसाय करात जातात. मुलीचे जात नाहीत, कारण महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ आहे. पहिल्या वाढीनंतर ती सवलत जाते, मग ‘पगार वाढला आणि कपातही’ असं वाटतं ते त्यामुळे.

पॅकेजमधली ग्रॅच्युइटी हा सगळ्यात फसवा भाग. ती दरवर्षी सीटीसीत मोजली जाते, आणि कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर एक रुपया मिळत नाही. आयटीत पगार वाढतो तो कंपनी बदलून, तेव्हा बहुतेक जण पाच वर्षांच्या आतच निघतात. ती रक्कम आपल्या हिशेबातून वजाच करा. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यानुसार ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला वर्षभरानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. करारावर घेतलं असेल तर एचआरला हे लेखी विचारा. वेतनाचा भाग एकूण मोबदल्याच्या निम्मा तरी असावा, ही अटही त्यातच आहे. पूर्वी बेसिक मुद्दाम कमी ठेवून पीएफ आणि ग्रॅच्युइटी वाचवली जायची, त्याला यामुळे आळा बसायला हवा.

व्हेरिएबल पूर्ण मिळेल असं कधीच धरू नका. कंपनीची तिमाही, प्रोजेक्टचा नफा आणि तुमचं रेटिंग या तिन्हींच्या गुणाकारावर ते ठरतं.

कंपनीच्या पीएफ वाट्याच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि तुमच्या खात्यात फक्त ५५० पडतात. पेन्शनचं सूत्र: १५,००० गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पस्तीस वर्षं इमानेइतबारे भरली तरी महिन्याला साडेसात हजार. निवृत्तीची सोय म्हणून त्याच्याकडे पाहू नका. याउलट एनपीएसमध्ये एम्सच्या पहिल्याच महिन्यात दोन्ही बाजूंचे मिळून १७,०२६ जमा होतात. बावीस-तेवीसच्या वयापासून तीस-पस्तीस वर्षांत हा फरक अजस्र होतो, आणि दोन्ही नोकऱ्यांची तुलना करताना घरी नेमका हाच मुद्दा निघत नाही.

कंपनी बदलताना पीएफ काढून घेण्याचा मोह आवरा. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो आणि पेन्शनची वर्षंही तुटतात. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) एकच ठेवा. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव यांत वडिलांच्या नावाचा किंवा स्पेलिंगचा फरक असेल तर तो नोकरी लागायच्या आधी दुरुस्त करून घ्या. नंतर महिनोन्‌महिने दावे अडकतात.

गटविमा नोकरी असेपर्यंतच. राजीनाम्याचा शेवटचा दिवस संपला की कव्हर संपलं. दोन नोकऱ्यांच्या मधल्या महिन्यात घरात कोणी आजारी पडलं तर खिशातूनच.

वाढ कुठे आहे

आयटीच्या बाजूने खरं बोलायचं तर इथे वर जायला छत नाही. क्लाउड, डेटा, सिक्युरिटी, एसएपी यांपैकी एखाद्या कामावर हात बसला आणि दोनदा नीट विचार करून कंपनी बदलली, तर पाच-सहा वर्षांत १३ लाखांची रेघ ओलांडता येते. पुढे वीस-पंचवीसही. एम्सच्या स्लिपवर हा वेग कधीच दिसणार नाही. पण कंपनी न बदलता, फक्त वार्षिक वाढीवर त्या रेघेपर्यंत जायचं तर रस्ता फार लांब आहे. आणि बदलायला नागपुरात कंपन्या किती? टीसीएस, इन्फोसिस, एचसीएलटेक, टेक महिंद्रा आणि आयटी पार्कमधल्या छोट्या-मध्यम कंपन्या. पर्याय लवकर संपतात, मग पुणे, हैदराबाद, बंगळूर. तिथलं भाडं आणि येण्याजाण्याचा खर्च वाढीतून वजा केला की ४० टक्क्यांची वाढ प्रत्यक्षात पंधरा-वीसवर येते. घरी बसून काम करण्याची मुभा देणारी बाहेरच्या शहरातली कंपनी मिळाली तर नागपूरकरासाठी ते सर्वांत उत्तम; ऑफर लेटरमध्ये ती मुभा लेखी असू द्या, मॅनेजरच्या तोंडी शब्दावर राहू नका.

नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड ही या धंद्यातली मोठी अडचण. पुढची कंपनी महिनाभरात हवी म्हणते आणि आधीची सोडत नाही. नोटीस विकत घेता येते का, ते पैसे नवी कंपनी देते का, हे राजीनामा टाकायच्या आधी विचारा. रिलीव्हिंग लेटर हातात आल्याशिवाय शहर सोडू नका.

पाळ्या आयटीतही आहेत. सपोर्टच्या कामात दुपारी दोनला सुरू होऊन रात्री अकराला सुटणारी पाळी सर्रास असते, आणि तोवर मिहानजवळच्या खापरीहून शेवटची मेट्रो गेलेली असते. रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीनेच थांबवता येतं आणि तिची घरपोच सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. ‘कॅब प्रोजेक्टवर अवलंबून’ असं कोणी म्हणालं तर ते चालवून घेऊ नका.

दरवाजा किती अरुंद

आता नर्सिंगची दुसरी बाजू. एम्स नागपूरला वेगळा अर्ज करून ही जागा मिळत नाही. नॉरसेट ही देशभराची एकच परीक्षा दिल्लीचं एम्स घेतं. प्राथमिक परीक्षेत १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. मग मुख्य परीक्षा. त्यानंतर रँक आणि पसंतीक्रम यांवर संस्था ठरते. वयोमर्यादा सर्वसाधारण गटाला ३० वर्षं. बीएस्सी नर्सिंगला अनुभवाची अट नाही. जीएनएम (नर्सिंगची पदविका) असेल तर किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. ८० टक्के जागा स्त्रियांसाठी आहेत, तेव्हा मुलग्यांनी स्पर्धेचा अंदाज त्या हिशेबाने घ्यावा.

रँक कमी आली तर झारखंडमधलं देवघर, गुवाहाटी असंही होतं. देवघर सर्वांत खालच्या, झेड वर्गातलं गाव: घरभाडे भत्ता १० टक्के आणि प्रवास भत्ता अर्धा, म्हणजे हाच पगार महिन्याला ७,३३४ रुपयांनी खाली येतो. प्रत्येक एम्स स्वतंत्र संस्था असल्याने ‘आधी लागू दे, मग नागपूरला बदली करून घेऊ’ हा बेत सहसा तडीस जात नाही. पसंतीक्रम भरताना ते गृहीत धरूनच भरा.

एम्स हुकलं तर पुढची चांगली जागा राज्याची. मेडिकल, मेयो, डागा या सरकारी रुग्णालयांतल्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी एस-१३, म्हणजे ३५,४०० पासून. डीए ५५ टक्के आणि घरभाडे २० टक्के धरले तरी ६१,९५०. आयटीच्या फ्रेशरच्या अडीचपट, आणि नागपुरात.

त्याखाली मात्र एकदम खड्डा आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी स्टाफ नर्स साधारण २०,००० मानधनावर. एजन्सीमार्फत भरली जाणारी ‘एम्समधली नोकरी’ही कंत्राटीच असते, तिला लेव्हल ७ लागू नाही, जाहिरातीत ‘आउटसोर्स’ हा शब्द शोधा. खासगी रुग्णालयात सुरुवात अनेकदा त्याहूनही कमी. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली होती: ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० द्यावेत, ५० ते १०० खाटांना सरकारी पगारापेक्षा फार तर २५ टक्के कमी चालेल, १०० ते २०० ला १० टक्के, आणि २०० च्या वर सरकारी पगाराइतकाच. वाचायला उत्तम. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली आणि मुली अजून बारा-पंधरा हजारांवर नाईट काढताहेत. सातत्याने सर्वांत कठीण काम करणाऱ्यांना मिळणारी ही वागणूक लाजिरवाणी आहे. मुलाखतीला जाताना खाटांची संख्या विचारा आणि ही शिफारस तोंडावर सांगा. मोठ्या रुग्णालयांत कधीकधी फरक पडतो.

निवड

नुसती पगाराची बाजू पाहता क्रम असा लागतो: एम्स सर्वांत वर, राज्याची अधिपरिचारिका दुसरी, वरच्या चाळणीतला आयटीवाला त्यांच्या जोडीला, मग साधा आयटी फ्रेशर आणि सगळ्यात खाली खासगी व कंत्राटी नर्सिंग. म्हणजे अभ्यासाला बसून सरकारी परीक्षा काढायची तयारी आहे, नागपूर-विदर्भ सोडायचा नाही आणि आजारी माणसाजवळ उभं राहायला मन धजतं, अशा मुलीला किंवा मुलाला बीएस्सी नर्सिंग हे आजच्या घडीला इंजिनिअरिंगपेक्षा सरस आहे. शहर बदलायची तयारी आणि कोडिंगची मनापासून ओढ असेल तर आयटी. गणित कच्चं, कोडिंगचा कंटाळा, तरी ‘आयटी आहे ना’ म्हणून प्रवेश घेणाऱ्याला ते २३ हजार बरीच वर्षं पुरवावे लागतात.

अकरावीतच एक काळजी घ्या. बीएस्सी नर्सिंगला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं; फक्त गणित घेतलेल्याला तो दरवाजा बंद. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतले तर दोन्ही सीईटी देता येतात. मुलींसाठी आणखी एक: ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटातल्या आणि ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही.

कागदपत्रांत घोळ होतो तो इथे. नॉरसेटला राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर चालत नाही; केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं आणि जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. एसईबीसी आरक्षण केंद्रात नाही, त्यामुळे त्या मुलांनी पात्र असल्यास केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस काढावं. दोन्ही प्रमाणपत्रांवरची तारीख जाहिरातीत दिलेल्या मुदतीतली लागते. सेतू केंद्रात अर्ज टाकताना ‘केंद्र सरकारच्या नोकरीसाठी’ असं स्पष्ट सांगा, आणि हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचून घ्या.